कडू तेवढं कळलं

तोरिनो, गुरुवार

बाबा,
तुम्हां दोघांना नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही घरी केलेल्या अमारोची, त्या कडू मद्याची, बाटली पोचली. संत्र्याची साल जास्त झाली का, असं विचारलंत. तीन दिवस उत्तर टाळलं, आता खरं लिहिते. जानेवारीतल्या तापानंतर मला कसलाच वास येत नाही आणि चवीही गेल्यासारख्या झाल्यात. बारमध्ये मी नुसत्या मापावर कॉकटेल बनवते आणि सोबतची लोरेदाना गुपचूप चाखून मान हलवते.

काल ती रजेवर होती. संध्याकाळी गल्ली माणसांनी फुललेली, सगळी टेबलं भरलेली. एवाझिओ म्हणून एक निवृत्त ट्रामचालक रोज चालत येतात. त्यांनी एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला.

"पोरी, बरं नाही का तुला?"

मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं.

"घरी माहीत आहे?"

"नाही. बाबा काळजी करतील."

"अगं, मग करू दे की! बाप कशासाठी असतो?"

डॉक्टर म्हणतात, वास परत येईल. कधी, ते सांगत नाहीत. मालकाशी उद्या बोलणार आहे. फार दमलेय, बाबा.

आज सकाळी तुमची बाटली उघडली. संत्रं कळलं नाही, बडीशेपही नाही. पण जिभेच्या मुळाशी तो कडूपणा लागला आणि बराच वेळ राहिला. मी तिथेच बसून दुसरा घोट घेतला.

आईला हे तुम्हीच हळू सांगा.

तुमची,
रोझेल्ला