डिस्कवर जागा नाही

भोर, गुरुवार, जून २००१

हिर्डोशीचे सखारामकाका संध्याकाळी माझ्या फोटोच्या दुकानात आले. सोमवारपासून त्यांचा मुलगा बेपत्ता आहे. लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्याचा चेहरा मोठा करून हवा होता, एसटी स्टँडवर चिकटवायला. स्कॅन केला, पण मोठा करायला गेले की पडद्यावर तेच, मेमरी कमी आहे. रॅम अपुरी, म्हणून मशीन हार्ड डिस्कवर जागा शोधतं, आणि डिस्क गच्च भरलेली.

“पोरी, न्हाई व्हत का गं?” काकांनी विचारलं.

डिस्कवरचे जुने फोटो पुसले, परत मेमरी कमी. अजून काय पुसू? राहिलं होतं फक्त अब्बांचं बोलणं, शेवटच्या आजारात माइकवर घेतलेलं, फ्लॉपीत न मावणारं. तेही पुसलं.

चेहरा उघडला. काका म्हणाले, “ह्योच माजा.”

अब्बांचा आवाज आता कुठंच नाही. निदान हा मुलगा तरी सापडू दे.