‘राधिका-१’चा हिवाळा

१२ ऑक्टोबर, फार्गो
आजपासून दयामाया बंद. लसूणघास या चाऱ्याच्या माझ्या नव्या जातीवर, म्हणजे ‘राधिका-१’वर, मूळकुजीची बुरशी स्वतःच्या हाताने ओतली. शेजारच्या ओळीत जुनी नाजूक जात, तिच्यावरही ओतली. तिचं कामच मरणं. ती मेली आणि माझी जगली, की रोगाला आणि नॉर्थ डकोटाच्या थंडीला पुरून उरणारी जात सिद्ध. मग माझी नोकरी पर्मनंट, आणि बायको दूरच्या पार्सिपनीचा जॉब सोडून इकडे. राधिकाला म्हटलं, राजीनामा ड्राफ्ट करून ठेव. ती म्हणाली, आधी हिवाळा जाऊ दे.

१९ ऑक्टोबर
‘राधिका-१’ किंचित पिवळी. बॉस लार्सन म्हणाला, मरेल ते मरू दे, यालाच ब्रीडिंग म्हणतात. एकदम मान्य. संध्याकाळी थोडं बुरशीनाशक दिलं, टॉनिक म्हणून. शेजारच्या ओळीला दिलं नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

१४ डिसेंबर
आज उणे वीस होणार, आणि बर्फाचं पांघरूणही नाही. सासूबाईंनी शिवलेल्या गोधड्या कपाटात नुसत्या पडून होत्या. ‘राधिका-१’वर घातल्या. फक्त आजच्यापुरत्या.

२ जानेवारी
गोधड्या काढायला गेलो. गोठून जमिनीला चिकटल्यात. ओढल्या तर रोपं उपटतील. शास्त्रीय कारणास्तव राहू दिल्या. राधिकाने फोनवर विचारलं, सगळं नॅचरल आहे ना. म्हटलं, शंभर टक्के. कापूस नॅचरलच असतो.

९ मार्च
ब्रोशर केलं. कव्हरवर ‘राधिका-१: थंडीची पर्वा नाही’. तीन बेडरूमचं घरही बघितलं. राधिकाला फोटो पाठवले. तिने नुसता अंगठा पाठवला. आनंदाने शब्द सुचले नसणार.

१७ एप्रिल
बर्फ वितळला. गोधड्या ओल्याचिंब, वास मारतायत. वाढ जोरात असली की वास येतोच. काढल्या. खाली सगळं काळं. उशिरा फुटणारी जात दिसते.

४ जून, फील्ड डे
शेतकरी आले. ‘राधिका-१’ अजूनही काळी. शेजारची मरायला लावलेली ओळ गुडघाभर हिरवीगार. एका म्हाताऱ्याने तिचंच बी मागितलं. लार्सनने मातीतून लाल चिंधी उचलली आणि शांतपणे म्हणाला, उघड्या ओळीत बुरशी गारठली; पांघरुणाखाली ऊब आणि ओल, तिथे तिचा हिवाळा मजेत गेला. पर्मनंट नोकरीचा विषय तिथेच संपला.

राधिकाला फोन करून म्हटलं, यंदा हवामानच विचित्र होतं. ती म्हणाली, “सुमंत, आईच्या गोधड्या कुठेत?”

मग सगळंच सांगितलं. रडू आलं, ते फोनवर लपलं नाही. राजीनामा तिने लिहिलाच नव्हता. म्हणाली, “पार्सिपनीला ये. येताना गोधड्या धुऊन आण.”

६ जून
गोधड्या दोनदा मशीनला लावल्या. बुरशीचे डाग निघत नाहीत. इतकी चिवट जात मला कधी जमली नाही.