कापडाआधी कागद

४ मार्च

बावीस कोट. बावीसच्या बावीस वाया!

शाळेच्या वाद्यवृंदाचे होते, निळ्या कापडाचे. सोमवारी मी एका बैठकीत सगळे बेतले, तेही कागदाशिवाय. "माप माझ्या डोळ्यात आहे," असं येईल त्याला सांगत होते. आज मुलं घालून बघायला आली, तर बाह्या कोपराच्या जरा खाली संपतायत. एकाने हात वर केला आणि शिवणच उसवली.

दुकानाचा नियम अण्णांनी घातलेला, पन्नास वर्षांचा — कापडाआधी कागद. गिऱ्हाइकाचं माप आधी खाकी कागदावर कापायचं, कोपऱ्यात नाव आणि तारीख घालायची, खिळ्याला अडकवायचं. कागद चुकला तर रद्दी, कापड चुकलं तर भांडण. सोमवारीही त्यांनी माझ्या कात्रीखाली कागद सरकवला होता. मी त्यांचा हात झटकला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बापाचा! वर म्हटलं, "तुम्ही महिनोन्‌महिने दुकान बंद ठेवायचात, मला काय शिकवता?" ते टेप गुंडाळत बसले.

नवरा म्हणतो, अकरा दिवस तू धड झोपलेली नाहीस. मला दमल्यासारखंही वाटत नाही.

९ मार्च

उठवत नाही.

१२ मार्च

नवरा दवाखान्यात चल म्हणतोय. आठ वर्षांत ही चौथी खेप. दर वेळी पडते तेव्हा जाते, गोळ्या घेते, बरी होते. जानेवारीतल्या गोळ्या तर अजून चालू आहेत. फेब्रुवारीत कशी नाचत होते! तेव्हा डॉक्टरांना कळवावं असं डोक्यातही आलं नाही. बरं असताना दवाखान्यात कोण जातं?

मावशी पण येणार म्हणे. दुकानातली काज-बटणं करायची सोडून तिथे ती काय करणार, देव जाणे.

१४ मार्च

जुने डॉक्टर निवृत्त झालेत. आता एक बाई आहेत. चष्मा कपाळावर आणि टेबलभर तोच शोधत होत्या. मी मनात म्हटलं, झालं कल्याण!

नेहमीचं सांगितलं. झोप लागत नाही किंवा सुटत नाही, जेवण नको, कात्री उचलवत नाही. त्यांनी विचारलं, "आणि याच्या उलट कधी होतं?" मी म्हटलं, उलट म्हणजे मी बरी असते.

तेवढ्यात मावशीने मांडीवरची कापडी पिशवी टेबलावर पालथी केली. माझे कागद! आठ वर्षांचे. म्हणाली, "बाई, हिचं बरं असणं एकदा बघून घ्या."

मग डॉक्टरीणबाई, नवरा आणि मावशी, तिघं फरशीवर बसून कागद तारखेने लावत होते. मी खुर्चीत, परीक्षेचा पेपर दुसऱ्यांनी सोडवावा तशी. फेब्रुवारी-मार्चच्या त्या अकरा दिवसांत चौसष्ट कागद. त्याआधी तीन महिने फरशी रिकामी. दोन वर्षांपूर्वी तसाच ढीग, मग तशीच रिकामी फरशी. ढिगातल्या कागदांच्या कोपऱ्यांत फुलं, चांदण्या, आणि माझ्या अक्षरात — "वा! काय हात आहे माझा!" एकावर तर तीन नव्या दुकानांचे नकाशे. मला इतकी लाज वाटली की हसू आलं. डॉक्टरीणबाईही हसल्या.

मग त्यांनी झोपेचं विचारलं, रागाचं, बोलण्याच्या वेगाचं. उत्तरं नवराच देत होता. शेवटी म्हणाल्या, "हे नुसतं नैराश्य नाही. बायपोलर म्हणतात याला. मन खाली जातं तसं वरही जातं. तुम्ही आम्हाला फक्त खालचं सांगत आलात. आणि नुसती नैराश्याची गोळी कधी कधी माणसाला आणखी वर ढकलते."

"घरात आणखी कुणाला?"

"नाही. वडील जरा लहरी आहेत, तेवढंच." त्यांनी तेही लिहून घेतलं.

मग माझा बांध फुटला. म्हटलं, म्हणजे माझे चांगले दिवससुद्धा आजारच? हात पण आजाराचाच? त्या म्हणाल्या, "हात तुमचाच आहे. चांगले दिवसही तुमचेच. झोप न लागता आलेले असतील, तेवढे मला दाखवायचे."

१५ मार्च

आठ वर्षं वाटत होतं की मी मुळातली आळशी, अधूनमधून सुधारते. आज त्याला नाव आहे. नाव असलं की निदान हाक तरी मारता येते.

मावशीचे उपकार कसे फेडू? नवऱ्याचेही. मी फेब्रुवारीत त्याला काय काय बोलले, त्यातलं एकही वाक्य त्याने परत काढलेलं नाही.

२ एप्रिल

नव्या गोळीने हात जरा थरथरतो. सुईत दोरा मावशी ओवून देते, वर म्हणते, "माझे डोळे अधू, तुझा हात अधू, दोघी मिळून एक शिंपी." रक्त तपासायला दिलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मात्रा हळूहळू बसेल.

बावीस कोटांना काळे कफ जोडले आणि शिवणी सैल केल्या. आधी कागद कापून! शाळेतल्या संगीताच्या बाई रागवतील म्हणून मी आत लपले होते. त्या म्हणाल्या, "चालेल हो. तब्येत सांभाळा."

सात तास झोपले.

२० एप्रिल

हे कधी सुरू झालं ते बघायला डॉक्टरीणबाईंनी आणखी जुने कागद मागितलेत. माळ्यावर चढले. माझ्या कागदांच्या खोक्याखाली चिंधीने बांधलेला आणखी एक गठ्ठा निघाला. अक्षर अण्णांचं.

सवयच लागलीय आता — खाली बसून तारखेने लावले. ढीग. मग काही नाही. पुन्हा ढीग. मी दहा वर्षांची होते त्या वर्षी नोव्हेंबर ते मार्च एकही कागद नाही. त्या हिवाळ्यात अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे आणि आई घरी मशीन चालवायची. नातेवाईक म्हणायचे, काम नको म्हणून सोंग. मीही तेच म्हणत आले. तीस वर्षं.

एका कागदाच्या कोपऱ्यात लिहिलंय, "वा! काय बेतलंय!" तारीख माझ्या जन्माआधीची.

गठ्ठा घेऊन खाली आले. मावशीला विचारलं, पिशवीचं तुला सुचलं कसं? तिने दोरा दातांनी तोडला. "मला कुठलं सुचतंय? अण्णांनी भरून दिली. म्हणाले, तिला सांगू नकोस, चिडलीय माझ्यावर."

अण्णांजवळ जाऊन बसले. गठ्ठा टेबलावर ठेवला. त्यांनी बघितला. मी म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी मी हात झटकला."

"कात्री होती तुझ्या हातात. लागली नाही, झालं."

एवढंच. मला खूप रडू आलं.

२१ एप्रिल

दवाखान्याला निघाले, तर दारात अण्णा. इस्त्रीचा शर्ट, पायात चपला, काखेत चिंधीने बांधलेला गठ्ठा.

म्हणाले, "मलाही दाखवायचंय. सोबत येशील?"