ढिल्या पट्ट्यावरचं व्याख्यान

तीर्थस्वरूप थोरल्या वन्संना, वाकून नमस्कार. तुमचे गुडघे बरे असतील अशी आशा. माझे आहेत तसेच आहेत, आणि त्यांची चौकशी कुणी करत नाही. नातीच्या वहीचं पान फाडून लिहिते आहे, अक्षर रेघेखाली घसरलं तर हसू नका (तुम्ही हसणारच).

तर आमच्या जावईबापूंचं पुढच्या रविवारी व्याख्यान आहे. गाणं ऐकणाऱ्यांच्या मंडळात पंधरा वर्षं खुर्च्या मांडल्या, तेव्हा कुठे आता बोलायला सांगितलंय. म्हणून तीन महिने घरात एकच तबकडी फिरते: पाच गाण्यांची माळ, गाणारा पुरुष एक, बाई एक, मागे साठ-सत्तर वाजवणारे आणि त्यांच्यापुढे काठी हलवून ताल दाखवणारा एक काठीवाला. भाषा परकी. बाई इतकी सावकाश गाते, की एका गाण्यात माझ्या उशीच्या दोन खोळी शिवून होतात. जावईबापू डोळे मिटून म्हणतात, "काय ही संथ लय! केवढं वैराग्य!" वन्सं, मी चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलंय. वैराग्य कसलं डोंबलाचं, तबकडी फिरवणाऱ्या यंत्राचा पट्टा ढिला होता! स्वर लांबला की त्याची शेपूट खाली पडायची, आणि त्या बिचारीला दम पुरेना. (तुमच्या यंत्रावर सगळे गवई सर्दी झाल्यासारखे गातात, असं मी चारचौघांत म्हणाले होते. तेच दुखणं.)

आज सकाळी ते कामावर गेल्यावर मी तो रबरी पट्टा काढला, चहाच्या पातेल्यात उकळून आखडवला आणि बसवला. काय सांगू! जांभया देणारा पुरुष भांडायला उभा राहिला. बाई वीस वर्षांनी लहान झाली. आणि तो काठीवाला, ज्याला मी ठोंब्या म्हणत होते, तो शेवटच्या गाण्यात तिच्यासाठी क्षणभर थांबतो. दोन्ही हातांत ओझं असलेल्या बाईसाठी दार धरून उभं राहावं तसा. मशीन थांबवून ऐकलं मी.

मग आठवलं. व्याख्यानाची बावीस पानं त्या संथपणावरच आहेत! लेक म्हणते, आरशासमोर पाठही झालीत. आता भर सभेत तोंडघशी पडणार ते, आणि पाडणारी मी.

तुमची भावजय

ता. क. खरं काम हे, की तुमचा तो सर्दीवाला पट्टा लगेच टपालाने पाठवा. आमचा ओढून पाहिला, सैल होत नाही. तुमचा आला की गुपचूप बसवून टाकते.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच जावईबापू आले. चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आई, चहाला रबराचा वास कसला?" सांगून टाकलं. पाचही गाणी उभ्या उभ्या ऐकली त्यांनी. मग म्हणाले, "म्हणजे तीन महिने मी पट्ट्यावर लिहिलं!" बावीस पानं टराटरा फाडली, आणि माझ्या मशीनजवळ स्टूल ओढून बसले. "तो थांबतो ते नक्की कुठे, दाखवा." दाखवलं. आता रविवारी स्वतःची फजिती स्वतःच सांगणार आहेत. आधी ढिल्या पट्ट्यावर ऐकवणार, मग आखडलेल्या. तेव्हा पट्टा पाठवाच. मंडळ तुमचे जाहीर आभार मानणार आहे. यायचं तर या, पण पहिल्या रांगेत मी बसणार.