आप्रमों आणि रत्नागिरी

मस्कत, मंगळवार, मगरिबच्या नमाजानंतर

आज पोरीवर, सानियावर, उगाच ओरडलो. शाळेत फ्रेंच घेतलंय, त्याचा प्रोजेक्ट करत होती. फ्रान्सच्या साव्वा नावाच्या डोंगरी भागातली द्राक्षं आणि वाइन. मी म्हटलं, "दारूचा अभ्यास? आपल्या घरात?"

"अब्बा, पिणार नाही, फक्त लिहिणार," ती म्हणाली आणि नकाशा दाखवला. आप्रमों नावाचं गाव, त्याच्या शेजारी आबीम. दोन्हीकडे द्राक्ष एकच, झाकेर. तरी आबीमच्या बाटलीवर आप्रमों लिहायचं नाही. कायदाच आहे तसा. "सेम आपल्या हापूससारखं ना, अब्बा?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सकाळीच मवालेहच्या फळ-मार्केटात कर्नाटकच्या आंब्याच्या पेट्या उतरवल्या आणि एकेकीवर 'रत्नागिरी'चा स्टिकर मारला. सगळेच मारतात. आंबा गोड असतो, गिऱ्हाईक खूश असतं. इतकी वर्षं कधी काही वाटलं नाही, मग आजच का? ते लोक दारू विकतात, पण गावाचं नाव जपतात. आणि मी खुद्द रत्नागिरीचा...

जाऊ दे.

प्रोजेक्टचं शेवटचं पान तिने मोकळं ठेवलंय. वर फ्रेंचमध्ये एक ओळ आहे. अर्थ विचारला तर म्हणाली, "माझ्या अब्बांचं गाव." त्याखाली चिकटवायला तिला आपला एक स्टिकर हवाय.

अख्खा रोल गाडीत पडलाय. दोनदा खाली जाऊन आलो, दोन्ही वेळा हात हलवत.