नवमीले मशीनले हात लावला

१३ ऑक्टोबर १९८८, गुरुवार
हरभऱ्याच्या बारा नंबर लॉटची उगवण फिरून तपासली. ओल्या कागदातले दाणे, आठ दिवस झाले, अर्ध्याहून जास्त तसेच निपचित. बाकीच्यायले बुरशी. हे बियाणं नव्हेच. पण कॉम्प्युटरमधी आधीची तपासणी चढलेली, तिथं लॉट ‘पास’. बदलायले गेली तर पडद्यावर उत्तर: पर्मिशन डिनाइड.
प्रोग्राम मी लिहिला. नागपूरले राहून शिकून आली मी. अन् मलेच डिनाइड!

१४, शुक्र.
सगळी करणी उमेशबाबूची. (पुढं नुसतं उ.बा., पूर्ण नाव लिहायची त्याची लायकी नाई.) आमच्या बियाणे संस्थेच्या अध्यक्षायचा भाचा, उन्हाळ्यात कॉम्प्युटर इन्चार्ज होऊन आला. आल्या आल्या सगळ्यायची खाती आवळली. मले फक्त वाचायची मुभा, लिहायची त्याच्या एकट्याच्या पासवर्डात. अन् साहेबजादे नवरात्रात घरी, नागपूरले.
मॅनेजर साहेबायले उगवणीचा कागद दाखवला. "मशीन पास म्हणते ना? मग तू काऊन डोकं खाऊन राह्यली, बाई?"

१७, सोम.
नागपूरले ट्रंक कॉल लावला. उ.बा.ची आई म्हणे, देवीच्या दर्शनाले गेला.
दसऱ्याच्या मुहूर्तावर संस्थेचा पहिला ट्रक हार घालून निघते. यंदा गिरडकडं. मशीन यादी काढते, त्या यादीवर हमाल पोती चढवतात. बारा नंबर यादीत आहे. लोक पेरतील, वाट पाहतील, अन्... आग आग होते नुसती.

१९, बुध. खांडेनवमी
उ.बा. उगवला एकदाचा. म्हटलं, एक ओळ टाकायची आहे, मले परवानगी द्या. "आज हत्याराले हात लावत नाईत, ताई. उद्या यादी काढल्यावर पाहू." यादी काढल्यावर! वा रे वा.
पूजेले साहेबायचा हट्ट, मशीन चालू पायजे, काळ्या पडद्याले काय ओवाळायचं? म्हणून उ.बा.नं आपल्या खात्यातून ते उघडलं. हळद-कुंकू, झेंडू, नारळ, फोटो. पूजा झाल्यावर बंद करायलेही हात लावायचा नाई, म्हणून तसंच चालू सोडून सगळे प्रसादाले अंगणात. खातं सताड उघडं. अकलेचे कांदे!
मी एकटी उभी. तिथूनच लॉट बदलता आला असता, नाव त्याचं लागलं असतं. नाई केलं. फक्त लॉटच्या फाइलीत लिहायची परवानगी माझ्या खात्याले देऊन घेतली. मग माझ्या टर्मिनलवर, माझ्या नावानं, बारा नंबर ‘नापास’. चोरावानी काऊन करू? बोटांची पूजेची हळद माझ्या बटनांवर लागली. लागू दे.

२०, गुरु. दसरा
बारा नंबर यादीतून गळाला, ट्रक त्याच्याविना गेला. दुपारपर्यंत लई हलकं वाटलं. मग बातमी आली, जाम गावाजवळ ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. तेवढ्यात उ.बा.ले माझ्या टर्मिनलच्या बटनांवरची हळद दिसली. झालं! पाटा मीच तोडला म्हणा ना.
साहेबायले सोनं द्यायले गेली, त्यायनं हात मागं घेतला. "पूजेच्या यंत्राले हात लावते, अन् वरून सोनं देते?" बियाणं कसं आहे, एकानंही विचारलं नाई. पाटा जुनाच होता. सोनं फक्त गोदामवाल्या गणपतकाकानं घेतलं.

२२, शनि.
साहेब म्हणे, लिहून दे, मशीनशी छेडखानी केली, माफी असावी. मी म्हटलं, लिहिते, पण नापास बियाणं थांबवलं असं लिहिते. "मग राहू दे." खातं बंद. मले आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. लिफाफे चिकटव आता. घरी आईले सांगतलं नाई.

२६, बुध. (ऑफिसातच लिहून राह्यली)
गणपतकाकाले विचारलं, बारा नंबर कुठं आहे?
"मले काय मालूम, पोरी. मी काल हिंगणघाटले गेलतो. आलो तं त्या कोपऱ्यातले पोते नव्हते. मशीनमधी पाह्य ना."
उ.बा.ले विचारलं. हसला. "तुमचं खातं नाई ना आता, ताई."
जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी होती. माझं नाव टाकून पाह्यलं. पुन्हा टाकलं. मशीन मले ओळखतच नाई.
आता फाटकाशी गिरडचा दुसरा ट्रक उभा आहे. पोत्यांवर ताडपत्री, दोरी करकचून आवळलेली. आत बारा नंबर असन, नसन. ड्रायव्हर समोर चहा पिऊन राह्यला. साहेब खिडकीत. आज त्या ट्रककडं गेली तर नोकरी काई राहत नाई.
गाठी सोडायले पासवर्ड लागत नाई. जाते.