घरच्या माणसाचा पगार

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. पण क्षेम काही नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरंच, कारण माझा आवाज सध्या चढलेलाच असतो.

त्या मोठ्या हॉटेलचे पडदे आणि गणवेश शिवायचं काम मिळाल्याचं तुला कळवलंच होतं. त्यासाठी दुकानात दोन शिवणाऱ्या बायका ठेवल्या. परक्या देशात माणूस ठेवणं म्हणजे दारात हत्ती बांधणं! लेखी करार, कराची कपात, विमा, पेन्शनचा हप्ता, आजारपणाची रजा. आणि एक रकाना चुकला की दंड. इथल्या सरकारची पत्रं समजून घ्यायला अकाउंटंट लागतो, आणि अकाउंटंट काय म्हणतो ते समजायला आणखी एक.

एवढं निस्तरतोय तोवर काल लेबर ऑफिसचा इन्स्पेक्टर आला. दोघींचे कागद पाहून खूश झाला, आणि तिसऱ्या मशीनकडे बोट दाखवून ह्या कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं, ही माझी बायको, घरचंच माणूस, नुसती बसते. त्याने हिच्यापुढचा पडद्यांचा ढीग पाहिला आणि शांतपणे म्हणाला, की मशीनवर बसेल तो कामगार. महिन्याभरात नोंदणी करा, पगार सुरू करा, नाहीतर दंड भरा. दंड झाला की हॉटेलचं कामही गेलंच समज.

बायकोला पगार! लोक तोंडात शेण घालतील. मी सरळ सांगून टाकलं, उद्यापासून तू घरीच थांब. हिने हातातला पडदा घडी करून ठेवला. मशीनवर कापड झाकलं आणि निघून गेली. तू हिला चार शब्द समजावून लिही.

तुझा वैतागलेला,
धाकटा

ता. १८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग संतापले. दुकान उघडलंस त्या दिवसापासून ती मशीनवर आहे. तिची कात्री चालते म्हणून तुझी जीभ चालते, बाबा.

घरच्या माणसाला पगार कसला, असं म्हणतोस. मग घरच्याच माणसाला एका वाक्यात घालवलंस कसं? बाहेरच्या दोघींना तसं काढून बघ, कायदा तुझे कान उपटेल. इन्स्पेक्टरवर कशाला डाफरतोस? त्याला डोळे आहेत, एवढाच त्याचा गुन्हा.

तिला काय समजवायचं ते मला उमगलं नाही. म्हणून तिला वेगळं पत्र टाकलंय आणि फक्त कशी आहेस एवढंच विचारलंय. तूही कधी विचारून बघ.

जेवणाच्या वेळा पाळ. माया आहेच, अक्कल तेवढी वाढव.

तुझी ताई

ता. ६ एप्रिल

ती. वन्संना,
शि. सा. नमस्कार.

कशी आहेस असं विचारलंत, ते वाक्य मी दोनदा वाचलं. दुकान कसं चाललंय, हे कसे आहेत, एवढंच विचारतात सगळे.

मी घरी बसले नाही. आमच्या समोरच्या फुटपाथला कपडे धुण्या-रफू करण्याचं दुकान आहे, तिथे जाऊन मालकीणबाईंना काम मागितलं. आधी कुठे नोकरी केलीत, असं त्यांनी विचारलं. काय सांगणार? माझं काम कुठे नोंदलेलंच नाही. त्यांनी एक फाटका कोट पुढे टाकला. मी रफू करून दिला. त्यांनी खिडकीशी नेऊन फाटलेली जागा शोधून पाहिली, सापडली नाही, आणि मग करार काढला. मी तो शब्द न् शब्द वाचला, वन्सं. त्यात माझं नाव होतं, कुणाची कोण ते नव्हतं.

पाच वाजले की बाई दिवे मालवतात. पहिल्या दिवशी मी तशीच बसून राहिले. काम अर्धवट टाकून उठायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

हे जेवताना पडद्यांबद्दल पुटपुटतात. माझेही हात शिवशिवतात हो. पण ‘नुसती बसते’ हे ऐकल्यापासून तिकडे पाऊल वळत नाही.

तुमची छाया अशीच असू द्या.

आपली धाकटी भावजय

ता. २ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं तुझ्या मनासारखं! शिवणाऱ्यांपैकी एक आजारी पडली. तिला घरबसल्या पगार. दुसरीने हॉटेलच्या पडद्यांवरची फुलं उलटी लावली, म्हणजे सगळी बाग डोक्यावर उभी. मॅनेजरने फोनवर माझी पार हजेरी घेतली. कापड बेतायचं ते हीच बेतत होती, हे मला तेव्हा कळलं. लिहितानाही लाज वाटते.

शेवटी अकाउंटंटकडून करार करून घेतला आणि समोरच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी मला सुट्टी होईपर्यंत बाकावर बसवून ठेवलं, कामाच्या वेळेत घरगुती बोलणं चालत नाही म्हणे! मग ही आली. मी म्हटलं, त्या दिवशी चुकीचं बोललो. हिने हात पुढे करून करार घेतला. तो पूर्ण वाचला. ‘मदतनीस’ खोडून ‘मुख्य शिवणकार’ लिहिलं. पगाराला हात लावला नाही. वार्षिक रजेच्या कलमापाशी बराच वेळ थांबली, आणि ही खरंच मिळते का, असं विचारलं. कायदाच आहे, द्यावीच लागते, असं मी कुरकुरत सांगितलं. तेव्हा कुठे सही केली.

तिकडची नोटीस संपवून ही पुढच्या महिन्यात येईल. उद्याच ये म्हटलं, तर कायदा मलाच शिकवते. तोवर पडदे मी उसवतोय.

आणि ऐक, रजेचा अर्ज हिने आत्ताच दिलाय. दुकान बंद ठेवता येत नाही म्हणून इतकी वर्षं हिला माहेरी पाठवलंच नाही. आता डिसेंबरभर ही तिकडे येतेय, आधी हिच्या आईकडे आणि मग तुझ्याकडे. एकटी. पगारी रजेवर.

मालकाला रजा कोण देतं, ते मी अकाउंटंटला विचारलं. तो नुसता हसला.

हिला स्टेशनवर घ्यायला कुणाला तरी पाठव. जड सामान उचलू देऊ नका.

तुझाच,
धाकटा